वॉरक्राफ्ट क्लासिक: चौघांच्या ग्रुपला उपयोगी पडेल असा क्लास कोणता घ्यावा?

खाडीकाठ (धागाकर्ती, ठाणे)

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं मिळून वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक हा ऑनलाइन गेम खेळायला लागलोय. मी आणि नवरा कोलशेतला, माझा धाकटा भाऊ ऐरोलीत आणि त्याचा मित्र कोपरखैरण्याला. पूर्वी रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचो. आता एकाची महापेची शिफ्ट, दुसऱ्याचं कायम फिरतीचं काम आणि आमच्याकडे चार वर्षांचा मुलगा, त्यामुळे भेटी जवळजवळ थांबल्यात. म्हणून शनिवारी रात्री जेवणं उरकली की साडेदहापासून खेळायचं ठरवलंय.

भावाने वॉरियर हा क्लास (पात्राचा प्रकार) घेतलाय, टँकचं काम (पुढं उभं राहून शत्रूचा मार अंगावर घेणं) तोच करणार. मित्र वॉरलॉक, म्हणजे शाप देणारा जादूगार. नवऱ्याला हंटर हवाय, कारण सोबत प्राणी पाळता येतो. राहिले मी. मला मेज (जादूगार) मनापासून आवडतो, पण तिघंही म्हणतायत की तू प्रीस्ट घे, हीलर (साथीदारांना बरं करणारा) नसला तर डंजनला (पार्टीने मिळून लढत जायच्या जागी) जाताच येणार नाही. मुद्दा खरा आहे, आणि मलाही ग्रुपच्या उपयोगी पडायचंच आहे. अजून सगळेच सुरुवातीच्या लेव्हलला आहोत, त्यामुळे बदल करायला काही हरकत नाही.

पार्टी पाच जणांची असते हे माहितीये. पाचवा बाहेरचा कुणीतरी घेऊ. अशा ग्रुपला खरोखर उपयोगी क्लास कोणता, हे अनुभवी लोकांनी सांगावं.

रात्रपाळी

प्रीस्ट घ्या, डोळे झाकून. क्लासिकमध्ये आपोआप पार्टी जुळवून देणारी सोय नाही, ती मूळ गेममध्ये २००९ च्या डिसेंबरात आली. क्लासिकमध्ये आजही चॅटवर ओरडून माणसं गोळा करावी लागतात, आणि ओरडणारे नव्वद टक्के वेळा टँक नाहीतर हीलरच शोधत असतात. प्रीस्ट असलात तर तुम्हाला कधीच कुणाची वाट बघावी लागणार नाही.

पारसिक_बोगदा

रात्रपाळी म्हणतात ते एकट्याने खेळणाऱ्यासाठी बरोबर आहे. पण ताईंचा प्रश्न वेगळा आहे. चारजण ठरलेले आहेत, रोजच्या ओळखीतले आहेत. अशा वेळी 'सगळ्यात जास्त मागणी कशाला' हा प्रश्नच नाही. 'या चौघांत काय कमी पडतंय' हे बघायचं.

जरा सविस्तर लिहितो, कारण नवीन लोक क्लास निवडताना डॅमेजचे तक्ते बघतात आणि तिथंच फसगत होते. पाच माणसांच्या पार्टीत तीन डॅमेजवाले (शत्रूला मारणारे) असतात. त्यातला एक दहा टक्के कमी मारतो म्हणून कुठलंही डंजन अडत नाही. अडतं ते चार मॉब (गेममधले शत्रू) एकदम अंगावर आले आणि त्यातल्या दोघांना कुणीच धरलं नाही तर. लढाईनंतर हीलरचा माना (मंत्र टाकायची शक्ती) संपला आणि सगळे भिंतीला टेकून बसले तर. कुणी मेला आणि उठवणारा कुणी नसला तर. सगळ्यांना स्मशानातून पुन्हा पळत यावं लागतं, त्यात रात्रीची वीस मिनिटं जातात आणि एकाला झोप यायला लागते.

आता तुमच्या चौघांचं बघू. वॉरियर टँक चांगलाच आहे, पण क्लासिकमधला वॉरियर एका वेळी एकाच मॉबला घट्ट धरतो. चारपाच जणांना एकत्र सांभाळणं त्याला जड जातं, कारण त्याची रेज (वार करायची ताकद) मार खाऊन आणि मार देऊन भरते, सुरुवातीला ती नसतेच. म्हणजे उरलेल्यांना कुणीतरी बाजूला काढायला हवं. वॉरलॉक भीती घालून पळवू शकतो, पण डंजनमध्ये घाबरलेला मॉब पुढच्या खोलीत पळतो आणि तिथून सहा जण घेऊन येतो. हंटर बर्फाचा सापळा लावतो, पण सापळ्यात कोण पाय ठेवेल हे नवख्या हंटरच्या हातात नसतं.

मेजचं पॉलिमॉर्फ हेच काम चोख करतं. मॉबला सरळ मेंढी करून टाकतं. लेव्हल ८ ला मिळतं. माणसं, जनावरं यांच्यावर चालतं, राक्षस किंवा मेलेल्यांवर नाही. एका वेळी एकच मेंढी, आणि तिला कुणाचा धक्का लागला की लगेच जागी होते. पण पाचातला एक जण सुरुवातीला वीस, पुढं पन्नास सेकंदांपर्यंत खेळाबाहेर ठेवणं म्हणजे टँकवरचा आणि हीलरवरचा भार एका झटक्यात कमी करणं. वर मेज लेव्हल ४ ला पाणी बनवायला शिकतो आणि ६ ला खाणं. ते तो सगळ्यांना वाटू शकतो, फुकट. सुरुवातीच्या दिवसांत पैसे नसतात तेव्हा हे पाणी फार मोलाचं असतं. पुढं लेव्हल ४० पासून पार्टीसाठी शहराचं पोर्टलही उघडतो.

म्हणून माझं मत असं की मेज या ग्रुपला उपरा नाही, गरजेचा आहे. हीलरही लागणारच. तो तुम्हीच का व्हायचं, हा वेगळा प्रश्न.

तलावपाळी

पारसिक, शेवटच्या वाक्याला माझं शंभर टक्के अनुमोदन, आणि ते मी जरा स्पष्टच बोलते.

मी बरीच वर्षं ऑनलाइन गेम खेळतेय. ज्या ज्या मिश्र ग्रुपमध्ये गेले तिथं पहिल्याच दिवशी 'तू हीलर हो ना' असं झालं. तीन पुरुषांनी आपापल्या आवडीचे क्लास घेतले आणि उरलेलं काम बाईच्या ताटात वाढलं. घरातही तसंच असतं, इथं तरी नको. हीलिंग हे सुंदर काम आहे, मला स्वतःला आवडतं, मी रीस्टो ड्रुइड (बरं करणारा ड्रुइड) म्हणून चाळीस जणांच्या रेडला (मोठ्या लढाईला) गेलेय. पण ते आवडीने घेतलं तरच टिकतं. लादलेला हीलर दोन महिन्यांत कंटाळतो आणि मग ग्रुपच संपतो.

खाडीकाठ, तुम्ही मेज घ्या. हीलर कोण होणार हा प्रश्न चौघांनी मिळून सोडवायचा आहे, तुमचा एकटीचा नाही.

रात्रपाळी

तलावपाळी, मी बाई-पुरुष बघून प्रीस्ट सुचवलेलं नाही. चौघांत हीलर नाही म्हणून सुचवलं. कुणीही घ्या, पण घ्या. मेज, वॉरलॉक आणि हंटर असे तीन लांबून मारणारे आणि एक टँक, यात हीलर बाहेरून आणायचा म्हणजे दर शनिवारी साडेदहाला अर्धा तास चॅटवर घालवायचा. तुमच्याकडे वेळच कमी.

तलावपाळी

हो, तो मुद्दा मान्य. घरचा हीलर हवाच.

गुळपोळी (सानपाडा)

इतिहासाचा एक धागा जोडते, कारण तो इथं कामाचा आहे. १९७४ मध्ये गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स आला तेव्हा त्यात तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. क्लेरिक म्हणजे बरं करणारा. १९९९ मध्ये एव्हरक्वेस्ट आला आणि त्यात लोकांनी 'त्रिकूट' म्हणायला सुरुवात केली, पण ते त्रिकूट आजच्यासारखं टँक, हीलर, डॅमेज असं नव्हतं. वॉरियर, क्लेरिक आणि एन्चँटर असं होतं. एन्चँटरचं मुख्य काम मारणं नव्हतं. तो मॉबना भुलवून जागीच रोखून धरायचा आणि साथीदारांचा माना भरून काढायचा. म्हणजे अडवणारा माणूस तेव्हा पार्टीचा तिसरा खांब होता. नंतरच्या गेममध्ये टँक एवढे ताकदवान झाले की अडवण्याची गरज संपली आणि तो खांब कुणाला आठवेनासा झाला.

क्लासिक २०१९ मध्ये आलं ते २००४ च्या मूळ गेमच्या चालीवर. त्यामुळे तिथं तो तिसरा खांब अजून उभा आहे. मेज उपयोगी आहे की नाही ही शंका आजच्या गेमवरून येते. क्लासिकमध्ये शंका नको.

खाडीकाठ

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. तलावपाळी, तुमचा प्रतिसाद मी तिघांनाही मोठ्याने वाचून दाखवला. भाऊ गप्प झाला. नवरा म्हणाला की बरोबर बोलतायत.

आता त्याचंच सांगते. तो हंटर सोडायला तयार आहे. पण त्याने आयुष्यात असा गेम खेळलेला नाही. त्याला भीती आहे की हीलर झालो आणि एक बटण चुकलं तर सगळे मरतील आणि दोष माझ्यावर येईल. दुसरं, मुलगा रात्री कधीकधी उठतो, तेव्हा आमच्यापैकी कुणालातरी दोन मिनिटं जावं लागतं. तिसरं, कोलशेतला पावसाळ्यात लाइट जाते. अशा माणसाने हीलर व्हावं का? झालं तर कुठला?

पारसिक_बोगदा

पॅलाडिन. तुम्ही अलायन्सकडून (गेममध्ये अलायन्स आणि होर्ड अशा दोन बाजू आहेत) खेळताय ना? (मूळ गेमप्रमाणे क्लासिकमध्ये पॅलाडिन फक्त अलायन्सला आणि शमन फक्त होर्डला.)

नवख्या हीलरला पॅलाडिन का, ते सांगतो. प्रीस्ट कापड घालतो, एखादा मॉब निसटून त्याच्यावर आला की घाबरगुंडी उडते. पॅलाडिन साखळीचं चिलखत घालतो, पुढं लेव्हल ४० ला प्लेट, हातात ढाल. दोनचार फटके पचवून तो शांतपणे टँकला बरं करत राहतो. पार अडचणीत आला तर त्याच्याकडे कवच आहे, काही सेकंद त्याला काहीच लागत नाही. आणि पहिल्या महिन्यात त्याला दोनच हील सांभाळायचे असतात. प्रीस्टकडे आठ प्रकार असतात आणि कुठला कधी हे कळायला वेळ लागतो. एक उदाहरण देतो: नवा प्रीस्ट उत्साहात वॉरियरवर सारखी जादूची ढाल टाकतो. ढालीने मार शोषला की क्लासिकमध्ये वॉरियरला रेज मिळत नाही. टँक रिकाम्या हाताने उभा राहतो, मॉब दुसऱ्याकडे वळतात आणि दोघांनाही कळत नाही काय झालं.

शिवाय पॅलाडिन सगळ्यांना आशीर्वाद देतो, ते पाच मिनिटं टिकतात. लेव्हल १२ ला मेलेल्यांना उठवायला शिकतो. आणि लेव्हल २६ ला सॅल्व्हेशन हा आशीर्वाद मिळतो, त्याने ज्याच्यावर टाकाल त्याचा थ्रेट (मॉबचं लक्ष ओढून घेण्याचं प्रमाण) ३० टक्क्यांनी कमी होतो. मेज आणि वॉरलॉक असलेल्या ग्रुपला ही मोठी देणगी आहे. टँकवर मात्र कधीही टाकू नका म्हणावं.

रात्रपाळी

पॅलाडिनला +१. प्रीस्टचा आग्रह सोडतो. दोष देण्याबद्दल एक सांगू का वहिनी? पार्टी मेली की आधी हीलरकडे बघायची सवय सगळीकडे आहे आणि ती चुकीची आहे. थ्रेटचा हिशेब समजून घ्या. जवळून मारणाऱ्याचा थ्रेट टँकच्या ११० टक्क्यांवर गेला किंवा लांबून मारणाऱ्याचा १३० टक्क्यांवर गेला, की मॉब त्याच्याकडे वळतो. हीलचा थ्रेट बरं केलेल्या आकड्याच्या निम्माच लागतो आणि तोही सगळ्या मॉबमध्ये वाटला जातो. म्हणजे घाई करणारा मेज मेला तर तो मेजमुळे मेला, हीलरमुळे नव्हे. सगळ्यांना सांगा की पहिले तीन-चार सेकंद टँकला मोकळे द्यायचे, मग मारायला लागायचं. एवढं पाळलं तरी तुमच्या नवऱ्यावरचा अर्धा ताण जाईल.

दिवा_फास्ट

लाइटबद्दल लिहितो, माझं कामच नेटवर्कचं आहे. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर आणि भिंतीवरचा फायबरचा डबा बंद पडतो आणि गेम तुटतो. दोन्हीला बहुतेक वेळा १२ व्होल्ट डीसी लागतात (अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेलं असतं, ते आधी वाचा). त्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, राउटरएवढाच. दोन तास सहज निभावतो. बिल्डिंगमधला स्विच बॅकअपवर आहे का हे मात्र सोसायटीत विचारून घ्या, नाहीतर घरातलं सगळं चालू आणि खालचा डबा बंद अशी गत होते.

क्लासिकमध्ये लढाई चालू असताना कनेक्शन गेलं तर पात्र लगेच नाहीसं होत नाही, तिथंच उभं राहून मार खातं. म्हणून यूपीएस आधी हीलर आणि टँकच्या घरी.

पिंगचंही (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) सांगतो. ऐरोली-महापे पट्ट्यात एवढी डेटा सेंटर्स आहेत, पण या गेमचा सर्व्हर भारतात नाही. मुंबईहून युरोपला साधारण सव्वाशे ते दीडशे मिलिसेकंद लागतात. क्लासिकमध्ये एका मंत्रानंतर दुसरा टाकायला दीड सेकंद थांबावंच लागतं, त्यामुळे एवढा पिंग खपून जातो. वाय-फायऐवजी केबल लावा, पिंग कमी नाही झाला तरी स्थिर राहतो. हीलरला स्थिर पिंग जास्त महत्त्वाचा.

वर्तकनगर_९०

सगळेच वॉरक्राफ्टमध्ये अडकलेत म्हणून एक वेगळा पर्याय. फायनल फँटसी १४ मध्ये साधी पार्टी चौघांचीच असते: एक टँक, एक हीलर, दोन डॅमेज. पाचवा शोधायची गरजच नाही. आणि एकाच पात्राला सगळे क्लास शिकता येतात. आज हीलर झालात, उद्या कंटाळा आला तर शस्त्र बदललं की दुसरा क्लास. खाडीकाठ यांचा मूळ पेचच तिथं पडणार नाही. लेव्हल ७० पर्यंत फुकट चाचणी आहे, तिच्यावर काही बंधनं आहेत पण मुदत नाही.

गुळपोळी

वर्तकनगर, गेम उत्तम आहे, मीही खेळते. पण दोन गोष्टी. त्यात कथा फार मोठी आहे आणि डंजन उघडायला ती प्रत्येकाला स्वतंत्रपणे पुढं न्यावी लागते. आठवड्यातून एकदा जमणाऱ्या चौघांपैकी एक जण मागं राहिला की बाकीचे अडकतात. आणि मला क्लास बदलता न येणं आवडतं. एकदा मेज झालात की ग्रुपमध्ये तुमचं एक ठरलेलं काम असतं, सगळे तुमच्यावर विसंबतात, आणि त्या कामात तुम्ही हळूहळू निष्णात होता. चौघांनी वर्षभर एकमेकांच्या सवयी ओळखत खेळण्याची गोडी त्यातच आहे.

वर्तकनगर_९०

हे पटलं. कथेचा मुद्दा लक्षात आला नव्हता.

तलावपाळी

मुलगा उठतो त्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते. घरात लहान मूल असणाऱ्यांनी खेळू नये असं काही नाही, फक्त नियम करून ठेवा. तुमच्याकडे टँक दुसऱ्या घरात आहे हे फार बरं आहे, कारण पुढं जायचं की थांबायचं हे टँक ठरवतो. तुमच्या घरातून 'थांबा' एवढा एक शब्द आला की भावाने नवा मॉब अंगावर घ्यायचा नाही. कारण विचारायचं नाही, चिडायचं नाही. चालू लढाई संपवायची आणि बसायचं.

आणि उठायचं कुणी? लढाई चालू असेल तर मेजने. मेंढी करून झाली असली की मेज दोन मिनिटं नसला तरी निभावतं, हीलर उठला तर नाही. लढाई नसेल तर ज्याची पाळी तो उठेल. म्हणजे बाबाची पाळी बाबाच घेईल. हे आधी बोलून घ्या, नाहीतर त्याच्या 'मी हीलर आहे' या सबबीवर प्रत्येक वेळी तुम्हीच उठाल.

खाडीकाठ

तलावपाळी, हे लिहून फ्रिजवर लावते.

तर ठरलं. नवऱ्याने काल रात्री ड्वार्फ पॅलाडिन केला, दाढी निवडण्यात अर्धा तास घालवला. भावाचा वॉरियर, मित्राचा वॉरलॉक, माझी नोम मेज. प्राणी पाळायचा त्याचा हट्ट होता, त्यावर मित्र म्हणाला की माझ्या वॉरलॉकचा इम्प (सोबतचा छोटा सैतान) तू तुझाच समज. पाचवा बाहेरचा. पहिलं डंजन डेडमाइन्स करायचंय. मेजने तिथं नेमकं काय करायचं, हे कुणी सांगेल का? भावाला फार घाई आहे.

पारसिक_बोगदा

फारच छान जमलाय ग्रुप. डेडमाइन्सला लेव्हल १८ च्या आसपास जा, घाई नको.

आत शिरायच्या आधी बाहेरच उभं राहून पाणी बनवा. प्रत्येक जादूवाल्याला एक पूर्ण गठ्ठा, पॅलाडिनला दोन, कारण त्याचा माना लवकर आटतो. खाणं वॉरियरला. मग भावाला डोक्यावरची चिन्हं लावायला सांगा. कवटी म्हणजे पहिला मारायचा, चंद्र म्हणजे तुमची मेंढी. ही पद्धत जगभर चालते, त्यामुळे बाहेरच्या पाचव्यालाही समजावून सांगावी लागत नाही. चंद्र शक्यतो मंत्र टाकणाऱ्या मॉबवर, कारण तो लांब उभा राहतो आणि टँकला त्याच्याकडे पळावं लागतं. मेंढी झालेल्याची तब्येत भराभर भरते, म्हणून अर्धवट मारलेल्याला मेंढी करू नका. वॉरलॉकला बजावा की चंद्रावर हळूहळू पोखरणारे शाप टाकायचे नाहीत, त्याने मेंढी लगेच उठते.

दुसरं, डेडमाइन्समधली माणसं मरायला आली की पळतात आणि शेजारच्यांना घेऊन येतात. निम्म्या वाइप (सगळी पार्टी मरणं) तिथं याच कारणाने होतात. तुमचा फ्रॉस्टबोल्ट लागला की पळणारा मंदावतो. तब्येत एक चतुर्थांशावर आली की फायरबॉल थांबवा आणि फ्रॉस्टबोल्ट सुरू करा. डॅमेजच्या तक्त्यात हे कुठं दिसत नाही, पण पार्टी यामुळेच वाचते. तिसरं, पहिला बॉस ऱ्हाक्झोर पडला की मागच्या बाजूने गस्त येते. सगळे लूट बघत असताना तुम्ही मागं तोंड करून उभ्या राहा.

रात्रपाळी

पाचव्यासाठी: जवळून मारणारा घ्या, तुमच्याकडे लांबून मारणारे दोन आहेतच. आणि चॅटवर लिहिताना सरळ लिहा की घरचा ग्रुप आहे, सावकाश खेळतो, मध्ये थांबावं लागू शकतं. ज्याला घाई आहे तो येणार नाही, आणि जो येईल तो पुढच्या शनिवारीही येईल.

दिवा_फास्ट

मी आहे की. दिव्यात राहतो, लेव्हल १६ चा ह्यूमन वॉरियर आहे, कुऱ्हाड घेऊन मारतो, टँकच्या आड येत नाही. शनिवारी साडेदहाला मोकळा असतो. तुमचा सर्व्हर युरोपचाच असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.

खाडीकाठ

युरोपचाच आहे! व्यनि केलाय. चिलखताच्या वस्तूंवरून भावाशी भांडू नका एवढंच, ढाल निघाली की त्याची.

दिवा_फास्ट

ढाल त्याची, दोन हातांची कुऱ्हाड माझी. शनिवारी भेटू.